‘दारू बंद’, आणि पुढची तारीख?

परवा शेजारच्या अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं. लिव्हर सिरॉसिस, पोटात पाणी. डिस्चार्ज कार्डावर लाल शाईत ‘दारू बंद’, खाली दोन रेघा. शिवाय वहिनींसमोर डॉक्टरांचा दम मिळाला तो वेगळाच : “पुन्हा घेतलीत तर इथे येऊ नका.”

पलीकडच्या खाटेवर मधुमेहाचे एक काका होते. पायाची जखम चिघळलेली, पथ्य कित्येक वर्षं धाब्यावर बसवलेलं. त्यांच्यापाशी आहारतज्ज्ञ बाई अर्धा तास बसल्या. भाकरी किती, भात किती, आमरस खावासा वाटला तर काय करायचं, सगळं लिहून दिलं. “साखर वाढली तरी पंधरा दिवसांनी या,” असंही बजावलं. एकाचं पथ्य मोडलं तर पुढची तारीख, दुसऱ्याचं मोडलं तर दार बंद! सिरॉसिस झाल्यावरही दारू थांबली तर आयुष्य वाढतं, हे त्या डॉक्टरांना माहीत नसेल का? आणि रोज पिणाऱ्यानं एका दिवसात सोडली तर हातपाय कापतात, फिटही येते. त्याबद्दल कार्डावर अक्षर नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेल्या समुपदेशनाच्या पद्धतीत पुढे एक साधा प्रश्न रुळला. रिक्षात मी अण्णांना तोच विचारला. दारू सोडणं किती गरजेचं वाटतं, दहापैकी सांगा. “चार.” मग दोन का नाही? अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “पँटचं बटण लागत नाही रे. दोन महिने लुंगीवर आहे. दुकानात जायची लाज वाटते.”

चार दिवसांच्या मुक्कामात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातीही भिंतींवर दिसतात. चहात चोरून कालवलेल्या गोळीनं सोडायची इच्छा येत नाही. गोळी डायसल्फिरामची असली, तर आधीच थकलेल्या यकृताला तीच घातक. ती जाहिरात आणि ती लाल शाई मला एकाच माळेचे मणी वाटतात : पिणाऱ्याला विचारायचंच नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून पिणाऱ्याला बोलतं करतंय. मग यकृताच्या ओपीडीत एक समुपदेशक का बसू नये?

डॉक्टर, तोवर एवढं तरी करा. ‘दारू बंद’च्या खाली पुढची तारीख लिहा, आणि घेतली असली तरी या, असं तोंडानं सांगा.