गोचीड, मोती आणि आपली अहिंसा



गोचीड तीन इंद्रियांचा जीव, म्हणून मोतीला औषध लावायचे मी टाळत राहिले. पावसाळ्यात त्याला गोचीडताप आला. खाणे सुटले, हिरड्या पांढऱ्या पडल्या. थोडक्यात वाचला. पंचेंद्रिय जीव दारात तळमळतोय, ही कसली अहिंसा?

गोचीडाची एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आज चालढकल केली, तर उद्या कितीतरी जास्त जीव मारावे लागतात. म्हणून आधीच फटी बुजवा, अंथरूण धुवा, रोज कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या पाहा, डॉक्टरांनी सांगितलेले औषध वेळेवर द्या. त्यानेही गोचीड मरतात. ते प्रतिक्रमणात आठवा. पण पाळलेल्या जिवाला जपणे हा श्रावकधर्मच. यत्नाचार म्हणजे डोळेझाक नव्हे.