घोडी दीड लाखाची, गाडी भाड्याची

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आम्ही धुळ्याकडे परत येत होतो. दोंडाईचा ओलांडल्यावर पिकअपच्या मागून धाडकन आवाज आला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेईपर्यंत उशीर झाला होता. मामूंनी त्याच सकाळी घेतलेल्या कुमैत घोडीचा मागचा एक पाय फळीतून आरपार गेला होता. चौघांनी मिळून तिला कशीबशी वर घेतलं. घोडी वाचली, पण तो पाय कायमचा अधू झाला. वरातीसाठी आणलेली घोडी एकाही वरातीत चालली नाही.

मामू म्हणाले, "अल्ला की मर्जी." मी तेव्हा गप्प बसलो, कारण दीड लाख रुपये आणि पुढच्या दोन हंगामांची कमाई एका मिनिटात गेलेल्या माणसापुढे वाद घालायचा नसतो. पण आज लिहितो. फळी कुजलेली होती. वर गोणपाट आणि काड अंथरलेलं होतं आणि ते उचलून खाली बघण्याची तसदी आमच्यापैकी कोणीही घेतली नव्हती. सकाळपासून चार तास आम्ही त्या घोडीचे दात पाहिले, भोवरे मोजले, चाल पाहिली, खूर उचलून पाहिले. गाडी मात्र मोबाईलवर ठरवली आणि त्यात फक्त भाडं विचारलं.

घोडेवाला माणूस जनावर पारखण्यात वाकबगार असतो, पण ते जनावर ज्या गाडीतून जाणार ती पारखणं हा आपल्या धंद्याचा भाग आहे असं त्याला वाटतच नाही. मुंबई-पुण्याच्या रेसचे घोडे हंगाम बदलला की खास बांधलेल्या बंद गाडीतून जातात. तबेल्यातले लोक तिला फ्लोट म्हणतात. आतून गादी, खाली रबर, प्रत्येक घोड्याला वेगळा कप्पा. आपल्याला ते परवडत नाही हे खरं. पण त्यातल्या बहुतेक गोष्टी साध्या ट्रकमध्ये करता येतात.

सगळ्यात आधी तळ. घोड्याच्या मुताने लाकूड कुजतं आणि पत्रा गंजतो, आणि दोन्ही वरून दिसत नाही. गाडीखाली वाकून फळीच्या सांध्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. तो आत रुतला तर ती गाडी घोड्यासाठी नाही, मालक कितीही ओळखीचा असो. गाडी स्वतःची असेल तर प्रत्येक फेरीनंतर रबराची चटई उचलून तळ धुवावा आणि वाळल्यावरच पुन्हा अंथरावी. चटई खालीच पडून राहिली की तळ वर्षभरात संपतो. नक्षीचा लोखंडी पत्रा कोरडा असताना चांगला वाटतो, पण ओला झाला की नाल मारलेला घोडा त्यावर बर्फावरून घसरावा तसा घसरतो.

मग चढ-उतार. आपल्याकडे रस्त्याच्या बांधाला किंवा मातीच्या ढिगाला गाडी लावून फाळका खाली सोडायचा आणि मागून काठी दाखवायची, ही सर्रास पद्धत आहे. एकदा अशा उडीत घाबरलेला घोडा पुढे आयुष्यभर गाडी बघून पाय रोवतो आणि मग आपण त्याला अडेल म्हणतो. लांब, रुंद, कमी उताराचा आणि वर काड पसरलेला फळ्यांचा उतार कोणताही सुतार बनवून देतो.

डोकं वर करून आखूड बांधणं ही आणखी एक सवय. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि मान खाली घालता आली तरच त्याच्या श्वासनलिकेतली घाण बाहेर पडते. दहा-बारा तास मान वर बांधून आणलेला घोडा तीन दिवसांनी तापाने पडतो तो बहुधा यामुळेच, त्याला नजर लागलेली नसते. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवावी, दोर सैल करावा, पाणी दाखवावं.

कायदाही आहे. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम घोड्यांबद्दल बरेच बारकाईने सांगतात. एका गाडीत चार ते सहाच घोडे, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम आडव्या फळ्या, तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, सोबत एक माणूस आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. २०१६ पासून मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक घोड्याला किमान २.२५ चौरस मीटरचा वेगळा कप्पाही लागतो. डॉक्टरांचा दाखला हवा तो वेगळाच. हायवेवर ३५ने कोण चालवतं, असं ड्रायव्हर हसून विचारतात. लहान पिकअपमध्ये घोडा आडवा मावतही नाही. पण या नियमामागचं शहाणपण समजून घ्यायला काय हरकत आहे? घोड्याला आधाराला हात नाहीत. प्रत्येक ब्रेक, प्रत्येक वळण तो चार पायांवर तोलतो. एक भरलेला पाण्याचा ग्लास समोर ठेवून गाडी चालवावी, म्हणजे कळतं.

आता ज्याबद्दल आपण आपसात बोलतो पण लिहीत नाही, ते लिहितो. आमच्या गाडीवर त्या दिवशी चारही बाजूंनी ताडपत्री घट्ट आवळलेली होती. थंडी हे एक कारण. खरं कारण ड्रायव्हरने नंतर सांगितलं, "जानवर दिखा तो कोई भी रोकता है." दाढी-टोपीवाला ड्रायव्हर आणि मागे जनावर, एवढं दिसलं की गाडी अडवणारे कमी नाहीत. आत गाय आहे की घोडा, हे बघण्याआधीच हात उठतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिची किंमत आत कोंडलेलं जनावर मोजतं. मुताचा उग्र वास, बंद हवा, अंधार. आणि गंमत अशी की झाकलेली गाडीच जास्त संशयास्पद दिसते. माझं मत स्पष्ट आहे: बाजू उघड्या ठेवा, घोडा घोडाच दिसू द्या, खरेदीची पावती आणि डॉक्टरांचा दाखला ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. कागद असूनही कोणी अंगावर आलं, तर तो गुन्हा त्याचा आहे आणि त्याची तक्रार आपण सगळ्यांनी मिळून केली पाहिजे. पण कागदच नसतील, आठ घोडे कोंबलेले असतील, तर आपली बाजू मांडायला येणाऱ्याचंही तोंड आपणच बंद करतो.

मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचं भय बाळगा, ही पैगंबरांची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. फिकहमध्ये जनावराचा चारापाणी मालकावर वाजिब आहे. मग त्याच्या पायाखालची फळी कोणाची जबाबदारी?

पैशाचं म्हणाल तर आमच्या मोहल्ल्यात आठ घोडेवाले आहेत. प्रत्येकजण वर्षातून पाच-सहा वेळा भाड्याची गाडी करतो. आठांनी मिळून एक जुना ट्रक घेतला, तळ नवा टाकला, रबर अंथरलं, कप्पे आणि उतार करून घेतला, तर भाड्यातूनच काही वर्षांत पैसे वसूल होतात. टायर, ब्रेक, मागचे दिवे आणि तळ यांची तपासणी दर दोन महिन्यांनी कोणी करायची, एवढं मात्र आधी लिहून ठेवावं, नाहीतर भागीदारीची गाडी कोणाचीच नसते. पाचजण तयार आहेत. मामू अजून हो म्हणत नाहीत. पण मागच्या आठवड्यात एका गाडीवाल्याशी बोलायला मला सोबत घेऊन गेले, आणि भाडं विचारायच्या आधी गाडीखाली वाकले.