न बदलणारा देव आणि बदलणारी पृथ्वी : स्टीफन हिस्लॉप, विदर्भातील दगड आणि एक गैरसमज

१/
भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. हा सारा मुलूख मँगनीजचा. जवळच्याच डोंगरी बुजुर्ग खाणीतील मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये वापरले जाते. आज ज्या ठिकाणी डोंगर दिसतो, तेथील मँगनीज एके काळी समुद्राच्या तळाशी गाळ म्हणून साचले. पुढे पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने त्याचा खडक झाला. १९०९ साली लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने भारतातील मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि या प्रकारच्या खडकाचे ‘गोंडाइट’ हे नाव रूढ केले. ते नाव येथील गोंडांवरून आले.

२/
समुद्राचा डोंगर होतो, तर मग अढळ असे काय उरते? हा प्रश्न विदर्भातील दगड हाती घेऊन बसलेल्या एका माणसापुढे फर्मर यांच्या अर्धशतक आधीच उभा होता. तो माणूस धर्मोपदेशक होता, आणि देव कधीही बदलत नाही यावर त्याची नितांत श्रद्धा होती. नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव अनेकांना ठाऊक असते, माणूस क्वचितच.

३/
जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडमधील डन्स. त्या काळी स्कॉटिश घरांत मुलांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घेत. देव म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तरात अनंत, सनातन आणि अविकारी ही विशेषणे येत. लिहिता-वाचता येण्याआधीच ती मुलांच्या जिभेवर बसत.

४/
१८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. मंडळीचा पाळक कोणी नेमावा यात जमीनदारांचा आणि सरकारचा हात नको, या मुद्द्यावर साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक पगार आणि राहती घरे सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ उभे राहिले. हिस्लॉप या नव्या चर्चचे. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी कामठी-नागपुरात पोहोचले. नागपुरात तेव्हा तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते.

५/
‘अविकारी’ हा शब्द मराठी वाचकास परका नाही. गीतेतील कूटस्थ, वेदान्तातील निर्गुण ब्रह्म, युगानुयुगे विटेवर उभा असलेला विठ्ठल, असे कितीतरी संदर्भ त्याच्या भोवती आहेत. परंतु ख्रिस्ती धर्मातील अर्थ किंचित निराळा आहे. मलाखीच्या ग्रंथात देव आपण बदलत नाही असे सांगतो ते एका वचनाच्या संदर्भात : तो बदलत नाही, म्हणून याकोबाचे वंशज चुकले तरी नाहीसे झाले नाहीत. येथे स्थैर्य आहे ते दिलेल्या शब्दाचे. हा देव रागावतो, माफ करतो, हाक ऐकतो. मात्र शब्द फिरवीत नाही. त्याच्यावर भिस्त ठेवायची ती याच अर्थाने.

६/
१०२ वे स्तोत्र तर याहून पुढे जाते. आकाश आणि पृथ्वी वस्त्रासारखी जीर्ण होतील, बदलली जातील, आणि देव तोच राहील, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पृथ्वी बदलते ही गोष्ट या श्रद्धेस नडत नाही. ती तिच्यात आधीपासूनच मांडून ठेवलेली आहे. समाजमाध्यमांवर ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असा आखाडा रंगतो तेव्हा हे स्तोत्र दोन्ही बाजूंना आठवत नाही.

७/
आखाड्याला ऐतिहासिक आधार मुळीच नाही असे मात्र नाही. आर्चबिशप अशर यांनी १७ व्या शतकात सृष्टीची उत्पत्ती इसवी सन पूर्व ४००४ मध्ये बसविली आणि ते वर्ष इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले. समासातील आकडा मूळ मजकुराइतकाच पवित्र होऊन बसला! तरीही फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स पृथ्वी अतिप्राचीन असू शकते असे १९ व्या शतकाच्या आरंभापासूनच सांगत होते, आणि त्याच गोटातील ‘विटनेस’ या वृत्तपत्राचे संपादक ह्यू मिलर हे पूर्वाश्रमीचे पाथरवट आणि नामांकित जीवाश्म-अभ्यासक होते. हिस्लॉप या वातावरणातून आले.

८/
आता नागपूरकडे. शाळा चालवायची, मराठीतून उपदेश करायचा, आणि दौऱ्यावर निघाले की दगड वेचायचे, असा त्यांचा क्रम. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील आणि जीवाश्मांवरील निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. नागपूरजवळील टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. याचा अर्थ असा की दोन उद्रेकांमधील काळात तेथे तळी होती, त्यांच्या काठी झाडे होती, आणि पुन्हा सारे लाव्हाखाली गेले. चांदा भागातील मांगली येथील एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. टाकळीच्या एका हिरवट खनिजाला तर ‘हिस्लोपाइट’ असे नावच मिळाले.

९/
हे सारे करताना त्यांची श्रद्धा डळमळली असती तर गोष्ट अधिक नाट्यमय झाली असती, आणि कदाचित अधिक ‘शेअर’ही झाली असती. तसे घडले नाही. अखेरपर्यंत ते उपदेशकच राहिले. देवाचे न बदलणे आणि टाकळीच्या तळ्याचे बुजणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींना धक्का न देता नांदल्या. ज्याचा विश्वास दगडाच्या वयावर टेकलेला नसतो, तो दगडाला त्याचे वय निर्भयपणे विचारू शकतो. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक कालखंडातील मानले. त्यांतील अनेक थर डायनोसोर युगाच्या अखेरचे आहेत असे आज मानले जाते. त्यांचे अनुमान बदलले, आणि ते बदलण्याचीच गोष्ट होती.

१०/
येथपर्यंतचे चित्र गोड आहे. पण अर्धे आहे. देव बदलत नाही या वाक्याच्या आडोशाला माणसे आपल्या सोयी आणि सवयीही नेऊन बसवितात. याच फ्री चर्चने १८४४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील मंडळ्यांकडून देणग्या घेतल्या. त्या मंडळ्यांत गुलामांचे मालक होते. १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून निसटलेले, स्कॉटलंडभर सभा घेऊन तो पैसा परत करण्याची मागणी करीत फिरले. पैसा परत गेला नाही. जमीनदारांची ढवळाढवळ नको म्हणून घरदार सोडणाऱ्यांना हा पैसा चालला, हे नोंदवणे भाग आहे. पाठ केलेली प्रश्नोत्तरी दोन्ही वेळा एकच होती.

११/
गोंडांच्या बाबतीतही गुंता आहे. त्यांचे दैवत आणि पूजाविधी हिस्लॉप यांना सत्य वाटत नव्हते. गोंडांनी ते सोडावेत अशीच त्यांची इच्छा होती. तरीही एका परधान गायकाकडून त्यांनी लिंगोची दीर्घ कथा गोंडीत उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडविणारा, त्यांची कुळे लावून देणारा लिंगो त्या कागदांवर जसाच्या तसा राहिला. जे नाहीसे व्हावे असे वाटते तेच काळजीपूर्वक लिहून ठेवायचे! हा विरोधाभास त्यांच्या चरित्रकारांनी फारसा उकललेला नाही. तो तसाच बोचू द्यावा.

१२/
मराठी माणसांनी हीच श्रद्धा स्वीकारली तेव्हा तिची कसोटी आणखी कठीण झाली. नारायण वामन टिळक नागपूर आणि राजनांदगाव येथे राहिलेले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर, जात, नातीगोती सगळे एका दिवसात बदलले. लक्ष्मीबाईंची त्यातील होरपळ ‘स्मृतिचित्रे’त आहे. ज्याच्यासाठी इतके सोडले तो तरी न बदलणारा असावा, ही अशा माणसाची नुसती तत्त्वचर्चा नसते. त्याची ती गरज असते. आणि टिळकांनी त्या देवाला विलायती पोशाखात ठेवले नाही. अभंग, भजन आणि कीर्तन आणले. १९१७ मध्ये मिशनही सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाहेरचे जवळजवळ सारे त्यांनी बदलून टाकले. हे धैर्य त्यांच्या श्रद्धेतूनच आले असे मानण्यास जागा आहे.

१३/
४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे शिळावर्तुळे पाहण्यासाठी हिस्लॉप रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर गेले होते. दिवसभर उत्खनन पाहिले, वाटेत एका शाळेची तपासणी केली, आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून छावणीकडे निघाले. सकाळी सहज ओलांडलेला ओढा तोवर फुगला होता. घोडा एकटाच परतला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

१४/
न बदलणाऱ्या देवाने ओढ्याचे पाणी का उतरविले नाही, असा प्रश्न तेव्हाही अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर हिस्लॉप यांच्या श्रद्धेत नाही. ओढा कधी फुगणार नाही असे वचन तिने कोणाला दिलेलेच नव्हते. टेंपल यांनी त्यांचे कागद गोळा करून १८६६ मध्ये छापले. गोंडी लिंगोकथा त्यात आहे.