टॅब बिघडला की केबल?

या वेळचा विषय जरा वेगळा, पण आता घरोघरीचा झाला आहे.

आम्ही कार्यकर्त्यांनी नेसरीत विहारात मुलांसाठी एक जुना संगणक मांडला आहे. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंडही परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. हे एकदा संगणकात उतरवले की मुलांनी टॅब केबलने जोडावा आणि हवे ते भरून न्यावे. प्रत्येक घराचा नेटपॅकचा खर्च वाचतो.

अडचण एकच. टॅब जोडला तरी संगणक त्याला ओळखत नाही!

बारावीतल्या लेकीचा टॅब घेऊन एक ताई आल्या. "दादा, दुकानदार म्हणतोय टॅब बिघडलाय, फॉरमॅट मारायला पायजे." फॉरमॅट म्हणजे पोरीने वर्षभर जमवलेल्या नोट्स पुसून टाकणे, आणि वर त्याचे पैसे मोजणे! आम्ही दुसरी केबल लावली. टॅब दिसला.

यात जादू नाही. साध्या यूएसबी केबलच्या पोटात चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या काही केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. तिच्यावर टॅब चार्ज होतो, म्हणून आपण केबल चांगली समजतो आणि टॅबला दोष देतो. तेव्हा पहिला संशय केबलवर घ्यावा.

केबल बरोबर असूनही टॅब दिसेना, किंवा दिसतो पण उघडल्यावर रिकामा, तर दोष बहुधा टॅबच्या सेटिंगचा. अँड्रॉइड टॅब जोडल्यावर आपणहून फक्त चार्जिंग घेतो. अनोळखी संगणकाने आतले काही वाचू नये म्हणून ही काळजी आहे, आणि ती योग्यच आहे. पडद्याचे कुलूप उघडावे, वरून बोट खाली ओढावे, यूएसबीची सूचना दाबावी आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. काही जण 'यूएसबी डीबगिंग' चालू करायला सांगतात. पुस्तके भरायला त्याची गरज नाही.

एवढ्यानेही जमले नाही तर दुसऱ्या खाचेत लावून पाहावे, शक्यतो संगणकाच्या मागच्या. त्या खाचेत पेनड्राइव्ह चालला तर खाच ठीक आहे. मग विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये टॅबच्या नावावर पिवळे चिन्ह आहे का पाहावे. असल्यास ती नोंद 'अनइन्स्टॉल' करून टॅब काढावा आणि पुन्हा जोडावा. संगणक नव्याने ओळख करून घेतो. यात टॅबमधले काही पुसले जात नाही.

जाता जाता सांगतो. ही यूएसबी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या अभियंत्यांत अजय भट्ट हे ठळक नाव. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यांच्याच नावाचे हे विद्यापीठ.

माताभगिनींना विनंती, कोणी कितीही घाई केली तरी मुलांच्या नोट्सची प्रत दुसरीकडे काढल्याशिवाय टॅब फॉरमॅटला देऊ नका. आम्ही विहारातल्या केबली तपासून वेगळ्या केल्या आहेत. माहितीच्या तारा असलेल्यांना निळा दोरा बांधला आहे. येताना टॅब पूर्ण चार्ज करून आणावा.