चित्रकलेचें सातवें अंग

गेल्या महिन्यांत परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतून आम्हांस मुद्दाम बोलावणें आलें. घरांतील नात चित्रकलेच्या महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहे. आजोबांचा प्रश्न एकच : "मास्तर, शिकते आहे खरी, पण पुढें पोटापाण्याचें काय?" नातीचें म्हणणें असें कीं, आधीं पदवी पदरांत पडूं द्यावी, मग धंद्याचें पाहूं. आमच्या मतें दोघांचीही थोडी चूक होत होती. आजोबा कलेस व्यवसाय मानावयास तयार नव्हते, आणि नात व्यवसायाचा विचार शिक्षणानंतर करावयाचा समजत होती.

येथें एक कबुली दिली पाहिजे. शाळेंत असतांना आम्हीं एका मुलाची वही काढून घेतली होती. शब्दरूपांच्या समासांत त्यानें बैलजोडी काढली होती, व ती उत्तम होती. त्याच्या वडिलांस आम्हीं सांगितलें, "रेघोट्यांनीं पोट भरत नाहीं." तो मुलगा पुढें बँकेंत लागला. तो सुखी आहे. पण वाटेंत भेटला म्हणजे चित्रांचा विषय तोही काढीत नाहीं व आम्हीही काढीत नाहीं. म्हणून हा सल्ला देतांना आम्ही या खेपेस जपून बोललों.

कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. हीं सहा गुरूपाशीं शिकतां येतात. व्यवहार हें सातवें अंग मात्र विद्यार्थ्यानें शिकतां शिकतांच स्वतः अंगीं आणावें लागतें.

आपल्याकडील मोठ्या कलावंतांनीं तेंच केलें. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. वर्गांतील कामावरच न थांबतां ते प्रदर्शनास चित्रें पाठवीत, व १८९५ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांस मिळालें. पुढें त्यांनीं पुस्तकांसाठीं आणि पोस्टकार्डांसाठींही चित्रें काढलीं. छोटें काम त्यांनीं कमी लेखिलें नाहीं. त्याच शाळेंत गणपतराव म्हात्रे यांनीं 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडविला तो १८९६ सालीं, विद्यार्थिदशेंतच. आणि त्या एका पुतळ्यानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. दीनानाथ दलाल यांनीं १९४५ सालीं 'दीपावली' वार्षिक सुरू केलें. दिवाळी कोणाही चित्रकारासाठीं थांबत नाहीं. मुखपृष्ठ वेळेवर तयार झालेंच पाहिजे. नेमल्या दिवशीं काम हातावेगळें करणें ही संवय पदवीबरोबर आपोआप येत नाहीं.

त्या मुलीस आम्हीं चार गोष्टी सांगितल्या. पहिली, आपल्या उत्तम अशा दहा-बारा चित्रांचा संग्रह सदैव तयार ठेवावा. पन्नास बऱ्यावाईट चित्रांपेक्षां त्यांचें वजन अधिक. दुसरी, दर सहामाहींत बाहेरचें एखादेंच लहान काम, अभ्यास सांभाळून, मुदत ठरवून घ्यावें. तिसरी, कागद, रंग, चौकट आणि खर्ची पडलेले तास यांचा जमाखर्च लिहावा. आपल्या चित्रास काय खर्च आला हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास त्याची किंमतही सांगतां येत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम घेण्यापूर्वीं अटी लेखी कराव्या. १९५७ च्या कायद्याप्रमाणें, कोणी मोबदला देऊन रंगचित्र काढवून घेतलें आणि उलट करार नसला, तर त्याचा स्वामित्वहक्क, ज्यास लोक कॉपीराइट म्हणतात, तो काढवून घेणाराचा होतो. मग तेंच चित्र त्यानें दिनदर्शिकेवर छापलें तरी चित्रकारास हात चोळीत बसावें लागतें. दोन ओळींच्या कागदानें हें टळतें.

घरच्या मंडळींसही आमचें सांगणें आहे. उजेडाची एक खिडकी तिला द्या, आणि ती रंगवीत असतांना "जरा उठतेस का?" म्हणून हांक मारूं नका. दुसरें असें कीं, घरांत चित्रकार झाला म्हणजे साऱ्या गोतावळ्याच्या पत्रिका, रांगोळ्या व मखरें त्याच्या गळ्यांत फुकट पडतात. वैद्यास आपण दक्षिणा देतों, शिंप्यास शिलाई देतों; मग आपल्याच मुलीच्या श्रमांस मोल नाहीं असें तिला घरींच कां शिकवावें? तें शिकून ती बाहेर गेली, तर परक्यापाशीं दाम मागतांना तिची जीभ अडखळणारच.

आम्ही निघालों तेव्हां धाकट्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेची गोष्ट निघाली होती. आजोबांनीं चष्मा पुसला, नातीकडे पाहिलें, आणि विचारलें, "बयाणा किती द्यावयाचा?" मुलगी प्रथम लाजली; मग तिनें आंकडा सांगितला. तो आम्हांस थोडा कमीच वाटला. पण पहिला आंकडा उच्चारला गेला, हें कांहीं थोडें झालें नाहीं.