दुसऱ्याची जुनी, आमची नवी

ज्या घरात जीप असते, त्या घरात ती माणसांत मोजली जाते. आमची तर वडिलांनी 1974 साली एका सरकारी खात्याच्या लिलावातून आणलेली. नमुना सीजे-थ्री-बी. उंच बॉनेटवरून जाणकार तिला लांबूनच ओळखतात. 1953 साली विलीज कंपनीने या नमुन्यात जे इंजिन घातले, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केले. रूपाचा विचार कोणी केला असेल, असे दिसत नाही. अमेरिकेत हा नमुना 1968 साली थांबला. आपल्या महिंद्र कंपनीने मात्र तो पुढेही कितीतरी वर्षे बनवला.

आमचे गावचे घर मुळशीच्या डोंगरात, डांबरी रस्त्यापासून अर्धा कोस वर. पावसाळ्यात त्या वाटेला वाट म्हणायचे ते केवळ सवयीने. जीपला गिअरखेरीज आणखी दोन दांडे. एक पुढची चाके जोडणारा, दुसरा चाल मंद करून जोर वाढवणारा. दोन्ही ओढले, की ती म्हशीसारखी, कसलीही घाई न करता वर चढे. गेल्या आषाढात मात्र ती ओढ्यातच बसली. मागे आई होती. वय ब्याऐंशी, अंगात ताप. शेजारच्या चौघा पोरांनी तिला खुर्चीत बसवून सडकेपर्यंत नेले. आई काही बोलली नाही. बोलली आमची सौ.

"अहो, एक तर जीप बदला, नाहीतर आईंना पुण्याला आणा."

आई पुण्याला येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

पेन्शनीत नवी गाडी बसत नव्हती. शोध सुरू झाला तो जिप्सीचा. मारुतीने ती 1985 साली आणली. आता तुम्हाआम्हाला ती मिळायची तर जुनीच. वजन जेमतेम टनभर, त्यामुळे चिखलात रुतत नाही. दलालांना विचारावे तर प्रत्येक गाडी एका डॉक्टरांनी वापरलेली! एवढे डॉक्टर डोंगर चढतात, तर आमच्या गावाला एकही कसा मिळत नाही?

सुदैवाने आमचे मेस्त्री बरोबर होते. फोर-व्हील तपासायला ते डांबरी सडकेवर जात नाहीत. वळताना पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर कापतात; चारही जोडलेली असली, तर कोरड्या डांबरावर चांगली गाडीसुद्धा अडखळते. म्हणून नांगरट हवी. पहिली गाडी नांगरटीत घातली, तर मागची चाके माती उडवीत राहिली आणि पुढची ढिम्म. मेस्त्री खाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "साहेब, पुढचा शाफ्टच काढून ठेवलाय!" दुसरी समुद्राकाठची. खालून नुकताच काळा रंग दिलेला. मेस्त्रींनी पेचकस टोचला, तो चासीत आरपार गेला. तिसरी एका मळेवाल्याची. रंग उडालेला, सीट फाटलेली. पण मेस्त्री खालून बाहेर आले ते हात पुशीत, गप्प. त्यांचे गप्प बसणे म्हणजे पसंती.

वाचकांपैकी कोणी या फंदात पडणार असेल, तर एकच सांगतो: नमुना 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही झाल्यावाचून पैसे मोजू नका. ती विक्री विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायची असते, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत गाडी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो.

जुनी जीप मेस्त्रींनीच नेली. दुसऱ्या कोणाला ती सुरूही करता आली नसती.

दसऱ्याला जिप्सी घेऊन गावी गेलो. आई ओसरीवरून पाहत होती.

"कुणाची रे ही?"

"आपलीच."

"आधी कुणाची होती?"

मी सांगितले. फाटकी सीट तिने हाताने चाचपली.

"तुझ्या वडिलांनी ती आणली ना, तेव्हा लोकांची वापरलेली म्हणून मी पंधरा दिवस बसले नव्हते तिच्यात," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन पुढच्या सीटवर चढली.