एक कण्हेर, दोन झाडं आणि रिफॅक्टरिंग

गेल्या रविवारी भाची सोसायटीच्या बागेतून फ्रॉकच्या ओच्यात बिट्ट्या घेऊन आली. पिवळ्या कण्हेरीच्या! आपणही लहानपणी खेळलोय हो, पण एक बी फुटलेली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. "तोंडात घातलीस का?" "नाही मामा." तरी डॉक्टरांना फोन केलाच. त्यांचा पहिला प्रश्न: "कण्हेर म्हणजे नक्की कुठली?"

इथेच तर गोची आहे. मराठीत कण्हेर एक, झाडं दोन. हायवेच्या दुभाजकात दिसते ती गुलाबी-पांढरी, नेरियम ओलिअँडर. बिट्टीवाली पिवळी मूळची अमेरिकेतली. कुळ एकच, दोन्ही सदाहरित, आणि दोघींचंही विष हृदयाची लय बिघडवतं. पण प्रजाती वेगळ्या.

भाचीला काही झालं नव्हतं. रात्री मात्र मी नावं शोधत बसलो. (सवय, दुसरं काय!) पिवळीचं नाव लिनियसने १७५३ मध्ये ठेवलं सर्बेरा थेवेशिया, आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मगुरूवरून. पुढे ती थेवेशिया या प्रजातिगटात गेली. नियमाने जुनं विशेषण सोबत न्यायचं, पण मग नाव होणार थेवेशिया थेवेशिया! प्राणीशास्त्रात गोरिला गोरिला चालतं, वनस्पतीशास्त्रात अशी पुनरुक्ती बाद. म्हणून थेवेशिया पेरुव्हियाना. १९८० मध्ये ती कॅस्काबेला गटात गेली, आणि लिनियसचं विशेषण परत आलं: कॅस्काबेला थेवेशिया.

लोक वैतागतात, "हे शास्त्रज्ञ सारखी नावं का बदलतात?" मंडळी, हे रिफॅक्टरिंग आहे. समज सुधारली की नाव सुधारतं, आणि जुनी नावं पर्याय म्हणून नोंदलेली राहतात. आपल्या ऑफिसातल्या कोडमध्ये एवढी शिस्त असती तर!

पण म्हणून आपली नावं टाकाऊ आहेत असंही नाही. गुलाबी कण्हेरीचं संस्कृत नाव करवीर, कोल्हापूरकरांच्या ओळखीचं. तिचं दुसरं नाव अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. नावातच वॉर्निंग! लॅटिन नाव ओळख पक्की करतं, हे नाव जीव वाचवतं. मला दोन्ही हवीत.

२०२४ मध्ये केरळात एका तरुणीचा मृत्यू कण्हेरीमुळे झाल्याचा संशय आला, तेव्हा तिथल्या देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादातून हे फूल बंद केलं. झाडं तोडा असं मी म्हणत नाही. सोसायटीला एवढंच सुचवलंय, की झाडावर पाटी लावा: पिवळी कण्हेर (बिट्टी), कॅस्काबेला थेवेशिया, विषारी. सेक्रेटरी म्हणाले, "इतकं लांब नाव कोण वाचणार?"

डॉक्टर वाचतील, काका. घाईच्या वेळी.

असो. पाटी मीच रंगवतोय.